ओपीडीत कॉम्प्युटर आला, आता पेशंटकडे बघायचं कसं?

केस पेपर बंद करून सगळं कॉम्प्युटरवर घेतलं की पेशंटची पहिली तक्रार ठरलेली, डॉक्टर आता स्क्रीनकडेच बघत बसतात. आणि ती खोटी नसते. 2016 मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात 57 डॉक्टरांचं दिवसभराचं काम बघितलं गेलं, तर पेशंटसमोर जेमतेम 27 टक्के वेळ आणि कॉम्प्युटर अन् टेबलावरच्या कामात 49 टक्के! म्हणून सॉफ्टवेअर शिकायच्या आधी टेबल हलवा.

मॉनिटर असा ठेवा की तुम्ही, पेशंट आणि स्क्रीन असा त्रिकोण होईल, पाठ कुणाकडेच नको. पेशंट आत यायच्या आधी मागची नोट आणि रिपोर्ट उघडून वाचून घ्या, मग पहिली दोन मिनिटं कीबोर्डला हात न लावता फक्त ऐका. टाइप करताना तोंडाने सांगत राहा, "तुमची शुगर लिहून घेतोय, हे बघा मागच्या तीन वेळची". ग्राफ दाखवला की लोक स्वतःहून विचारायला लागतात, कागदाच्या गठ्ठ्यात हे कधी जमलंच नसतं. बीपी, वजन नर्सने आधीच भरलेलं असलं तर उत्तम. लहान मुलांचं वजन मात्र दर वेळी नव्याने घ्यायचं, जुन्या आकड्यावर डोस काढला तर चुकणारच.

आता औषधं. इथे सगळ्यात सावध राहा, कारण हाताने लिहिलेलं वाचता येत नाही ही अडचण गेली पण यादीतून चुकीची ओळ निवडली जाणं ही नवीन आली. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा द्यायचं असतं, पण सिस्टीमने स्वतःहून "रोज" भरलेलं असेल आणि तुम्ही घाईत ओके दाबलं तर पेशंटच्या जिवावर बेततं. म्हणून प्रिस्क्रिप्शन सेव्ह करायच्या आधी औषध, डोस, किती वेळा, किती दिवस हे पेशंटला मोठ्याने वाचून दाखवा, चूक बऱ्याचदा तोच पकडतो. अ‍ॅलर्जी कायम अ‍ॅलर्जीच्या रकान्यातच भरा, नोटमध्ये कुठेतरी लिहिली तर बऱ्याच सिस्टीम अलर्ट देतच नाहीत. उलट फालतू अलर्ट इतके येतात की माणूस न वाचता बंद करायला लागतो, तेव्हा बिनकामाचे कुठले ते टिपून ठेवा आणि सॉफ्टवेअरवाल्यांकडून बंद करून घ्या, गंभीर तेवढे चालू ठेवा.

मागची नोट कॉपी-पेस्ट करायचा मोह आवरा हो. "तीन दिवसांपासून ताप" ही ओळ चार महिने तशीच पुढे सरकत आलेली मी बघितलीय, नंतर वाचणाऱ्याने त्यावरून काय ठरवायचं? नवीन काय झालं त्याच्या दोन ओळी स्वतःच्या शब्दात लिहा, त्या दहा ओळींच्या टेम्प्लेटपेक्षा कामाच्या असतात.

लॉगिन प्रत्येकाचं वेगळं. लाइट किंवा नेट गेलं तर कोरे केस पेपर ड्रॉवरमध्ये हवेत, आणि त्यावरचं नंतर कॉम्प्युटरमध्ये कोण भरणार हेही आधीच ठरलेलं हवं.

ओपीडी संपली की न बघितलेल्या रिपोर्टची यादी उघडा. रिपोर्ट सिस्टीममध्ये आला म्हणजे कुणीतरी बघितला असं नसतं. जो बिघडलेला दिसेल त्या पेशंटला त्याच दिवशी फोन करा आणि फोन केल्याची नोंदही तिथेच टाका.