ऑल-व्हील ड्राइव्हला एकच नवा टायर? जरा थांबा

कात्रज घाटात खड्ड्यात आपटून एका टायरची साइडवॉल (बाजूची भिंत) फाटली, म्हणून तेवढाच नवा टाकला, हे ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या, हॅचबॅकला मानवत नाही. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी, बाकी तिघांची समजा ४ उरलीय. म्हणजे नवं चाक दर फेरीला जवळपास अडीच सेंटिमीटर जास्त अंतर कापणार. हा फरक पुढच्या-मागच्या चाकांमधला क्लच सतत झेलतो आणि तापतो. किती फरक चालतो ते मॅन्युअलमध्ये बघा. त्यापलीकडे गेलात तर चारही बदला. खिशाला चटका बसतो खरा, पण त्या क्लचचं बिल त्याहून जबर. आणि टोइंगवाला पुढची दोनच चाकं उचलायला लागला, तर तिथंच अडवा, कारण मागची चाकं रस्त्यावर फिरत राहून त्याच क्लचवर ताण येतो. अख्खी गाडी पाठीवर घेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा.