प्रौढ वयात गिटार शिकताना : नवशिक्यांसाठी काही अनुभव

नोकरी आणि घर सांभाळून गिटार शिकायला बसलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा बोटांची असते. वय झाले, आता बोटे वळत नाहीत, असे तो म्हणतो. माझ्या पाहण्यात मात्र दोष बोटांपेक्षा वाद्याच्या तारांचा अधिक निघाला आहे. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचा मिळून सुमारे 70 किलोंचा ताण असतो, आणि तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे बोटांनी दाबायच्या फळीपासून, जितक्या उंच, तितका दाबायला जोर जास्त लागतो. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे त्या फळीवरची धातूची आडवी पट्टी) जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर अंतर असावे. ते चार मिलिमीटर असेल तर विशीतल्या मुलाचीही बोटे दुखतील. म्हणून शिकवणी लावण्याआधी वाद्ये दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती खालची पट्टी, घासून तारा खाली घ्याव्यात आणि 12 नंबरच्या तारांऐवजी 10 नंबरच्या बारीक तारा चढवून घ्याव्यात. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात लाकूड फुगते व तारा पुन्हा उंचावतात, हेही लक्षात असू द्यावे. बोटांच्या टोकांचा हुळहुळेपणा कातडी निबर होईपर्यंत, म्हणजे काही आठवडे, राहतोच. त्याला इलाज नाही.

नवशिका सगळे लक्ष डाव्या हाताकडे देतो, पण ऐकणाऱ्याला गाणे ओळखू येते ते उजव्या हातामुळे. आपण लहानपणापासून भजनाचा ठेका ऐकत आलो आहोत, ही प्रौढ विद्यार्थ्याची मोठी शिदोरी आहे आणि ती वापरायला हवी. केरव्याच्या आठ मात्रा तोंडाने मोजत पहिल्या मात्रेला हात खाली, तिसऱ्या-चौथ्याला खाली-वर, सहाव्या-सातव्या-आठव्याला वर-खाली-वर असा चालवावा. दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला हात थांबत नाही. तो तारांना न लागता अनुक्रमे वर आणि खाली जातो. हे रिकामे फेरे नीट बसले की वादनाला डौल येतो, आणि ते चुकले तर महागडी गिटारही खडखडते. सुरुवातीला तारा डाव्या तळव्याने मुक्या करून नुसता ठेकाच वाजवावा. कॉर्ड (एकत्र वाजवायचा स्वरांचा गट) बदलताना ठेका तुटू लागला, तर लय आणखी कमी करावी, पण उजवा हात थांबवू नये.

कॉर्ड किती याव्यात याची घाई नको. सी आणि ए मायनर या दोन कॉर्डमध्ये पहिले व दुसरे बोट जागचे हलत नाही. फक्त अनामिका (तारा बारीक बाजूने मोजून) पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून उचलून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवायची. सीला षड्ज मानले तर सीमध्ये सा, ग, प आणि ए मायनरमध्ये ध, सा, ग येतात, म्हणजे भूप रागातले रिषभ सोडून सारे स्वर या दोन आकारांत आहेत. भूपातल्या साध्या चालीला एवढ्यावर साथ करता येते. जी कॉर्ड घेतली की निषाद येतो आणि भूपाचा रंग बदलतो. शिकवणीत हे सहसा सांगत नाहीत, कारण तिथे चाल पाश्चात्त्य सप्तकाच्या हिशेबाने बसवलेली असते.

आपल्याकडे गाणारा माणूस पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून आपली पट्टी सांगतो, आणि तिथे कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा, कामी येतो. काळी एकसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सीचे आकार वाजवावेत. काळी चारसाठी कॅपो तिथेच ठेवून जीचे आकार घ्यावेत, आणि काळी पाचसाठी तेच आकार कॅपो तिसऱ्या फ्रेटवर नेऊन वाजवावेत. शिक्षकांना पहिल्याच दिवशी आपली पट्टी सांगितली, तर अशक्य उंचीवरची गाणी गळ्यात पडत नाहीत. परीक्षा द्यायची हौस असेल, तर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या इनिशियलपासून आठव्या ग्रेडपर्यंतच्या परीक्षा आहेत; घरच्या मैफलीत साथ करायची असेल, तर त्यांची गरज नाही.

भैरवीला मात्र सगळे बिचकतात. ई हा षड्ज धरला तर ई मायनर, ए मायनर, जी आणि सी या सोप्या कॉर्डवर भैरवीची बरीचशी चाल उभी राहते. कोमल रिषभासाठी एफ लागते, आणि तिची आडव्या बोटाची पूर्ण कॉर्ड सुरुवातीला जमत नाही. तोपर्यंत पहिले बोट फक्त शेवटच्या दोन बारीक तारांवर पहिल्या फ्रेटला आडवे ठेवावे, तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर व चौथी तिसऱ्या फ्रेटवर दाबावी, आणि जाड दोन तारा वाजवूच नयेत.