सोलापूरहून जैसलमेर, कॅमेरा घेऊन: या चुका टाळा

दिवाळी संपली की माझा फोन वाजायला लागतो. कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी मेहुणा. नवा कॅमेरा घेतलेला असतो आणि जैसलमेरला निघालेला असतो. पहिला प्रश्न ठरलेला: "काका, लेन्स कुठली नेऊ?" मी म्हणतो, लेन्सचं राहू दे, मुंबईत कुठं उतरणार ते सांग. मग पलीकडे शांतता.

मी चारदा गेलोय. चारही वेळा रेल्वे, बस आणि शेअर जीप, गाडी भाड्याने एकदाही नाही. खालच्या निम्म्या चुका माझ्या स्वतःच्या आहेत, त्यामुळे ओरडायचा अधिकार आहे असं धरून चालतो.

बांद्रा म्हणजे बांद्रा नव्हे

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघायचं आणि सकाळी दादरला डोळे चोळत उतरायचं, हे सोलापूरकराला कुणी शिकवायला नको. घोळ त्यापुढे होतो. जोधपूरकडच्या गाड्या बांद्रा टर्मिनसवरून सुटतात. लोकल जिथे थांबते ते बांद्रा स्टेशन वेगळं आणि टर्मिनस वेगळं. मधलं अंतर पाठीवर बॅग आणि हातात ट्रायपॉड घेऊन काटायचं म्हणजे घाम निघतो. त्यात सिद्धेश्वर कधी वेळेवर असते, कधी कल्याणच्या अलीकडे उभी राहून विचार करत बसते. मी दोन गाड्यांमध्ये चार तास तरी ठेवतो. "दोन तासांत होतंय की" म्हणणारे दोघे जण मला माहीत आहेत. दोघांनीही जोधपूरची गाडी जाताना पाहिली, आत बसून नव्हे.

जोधपूरहून पुढे रेल्वे आहे, बसही आहे, साधारण पाच-सहा तास. हिवाळ्यात दिवसा बसने जाणार असाल तर उजवीकडची खिडकी पकडा, ऊन डावीकडून येतं. पोखरणला गाडी थांबली की चहा घ्या. आणि बरोबर घरची बाईमाणसं असतील तर आधीच सांगून ठेवा, आपल्या एसटीतलं अर्धं तिकीट तिकडच्या बसला चालत नाही. माझ्या बहिणीने या विषयावर तिकडच्या कंडक्टरशी पंधरा मिनिटं मराठीत चर्चा केली होती.

घड्याळ सोलापूरचं, सूर्य तिकडचा

ही माझी लाडकी चूक. सगळे करतात आणि दोन्ही टोकांना करतात.

पहिल्या खेपेला डिसेंबरचा पहिला आठवडा होता, बरोबर भाचा. आपल्याकडे त्या दिवसांत पावणेसातच्या आत सूर्य वर येतो. तेवढा हिशोब करून आम्ही सव्वापाचला उठलो आणि सहाला गडीसर तलावाच्या काठावर हजर. मिट्ट काळोख. भाचा हाफ शर्टात, कारण "मामा, राजस्थानात कसली थंडी? आपण बेचाळीस डिग्रीतली माणसं!" सोलापूरचा उन्हाळा सोसलेल्या माणसाला वाळवंट म्हणजे आपलंच माहेर वाटतं. पण वाळू दिवसा जेवढ्या वेगाने तापते तेवढ्याच वेगाने रात्री थंड पडते. हवेत ओल नाही, वर ढगांचं पांघरूण नाही, दिवसाची ऊब रात्रीत उडून जाते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा सात-आठ अंशांवर येतो. साडेसहा झाले, काहीच नाही. पावणेसात झाले, पूर्वेला नुसती राखाडी रेघ. भाच्याचे दात वाजत होते. "मामा, अजून उजडंना की ओ!"

सूर्य आला सात वाजून वीस मिनिटांनी. तोवर कॅमेऱ्याची बॅटरी गारठून अर्ध्यावर आली होती आणि आमची त्याहून खाली.

आता याचं कारण. देशभर घड्याळ एकच, ते ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं. सोलापूर ७६ अंशांच्या आसपास, जैसलमेर ७१ च्या. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्याला तिथे पोचायला वीस मिनिटं जास्त लागतात. शिवाय जैसलमेर आपल्यापेक्षा नऊ अंश उत्तरेला, त्यामुळे हिवाळ्यातला दिवस तिथे आखूड. दोन्ही मिळून सकाळी पस्तीसेक मिनिटांचा फरक पडतो.

इथवर ठीक. खरी गंमत संध्याकाळी. भाच्याने डोकं लावलं: सकाळ पस्तीस मिनिटं उशिरा, तर संध्याकाळही पस्तीस मिनिटं उशिरा. ऐकायला बरोबर वाटतं, मलाही वाटलं. आम्ही आरामात दाल-बाटी खाल्ली, बाजार पाहिला, रिक्षावाल्याशी घासाघीस केली आणि सव्वासहाला व्यास छत्रीच्या, म्हणजे जुन्या समाधी-छत्र्यांच्या, टेकाडावर चढलो. तिथून लोक उतरत होते. सूर्य पावणेसहाच्या सुमारास बुडालेला, म्हणजे सोलापुरात बुडतो जवळजवळ तेव्हाच. रेखांशाने दिलेली वीस मिनिटं आखूड दिवसाने संध्याकाळी परत काढून घेतली होती. जैसलमेरचा किल्ला समोर होता, पण विझलेल्या चुलीसारखा.

उपाय काही मोठा नाही. मोबाइलवर त्या गावाची उदयास्ताची वेळ बघा. मी मात्र अजून निघायच्या आधी वहीत लिहून काढतो, कारण मोबाइलवर बघितलेलं लक्षात राहत नाही. आणि जागेवर सूर्यास्ताच्या दीड तास आधी पोचतो. "एवढं आधी जाऊन करायचं काय?" असं विचारणाऱ्याला मी बरोबर नेत नाही.

आत बसून किल्ला शोधणारे

रावळ जैसलने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला बांधला, पिवळ्या वालुकाश्मात, ९९ बुरुजांचा. २०१३ मध्ये राजस्थानातल्या डोंगरी किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारशात गेला. आत आजही माणसं राहतात, दुकानं आहेत, शाळेत जाणारी पोरं आहेत. आपला भुईकोट संध्याकाळी बंद होतो, हा होत नाही.

नवखा माणूस काय करतो, तर किल्ल्याच्या आतच खोली घेतो आणि सोनेरी संध्याकाळी आतच फिरत राहतो. आतून दिसतात गल्ल्या, झरोके, वाळत घातलेल्या गोधड्या. छान आहे सगळं. पण लोक ज्याला 'सोन्याचा किल्ला' म्हणतात तो आतून कसा दिसणार? सिद्धेश्वर मंदिराचा फोटो गाभाऱ्यात उभं राहून निघतो का? तळ्याच्या पलीकडेच जावं लागतं.

माझी वाटणी सरळ आहे. किल्ल्याचा दरवाजा पूर्वेच्या अंगाला, गडीसर तलाव आग्नेयेला. म्हणून सकाळी त्या बाजूने. संध्याकाळी शहराच्या पश्चिम कडेला, व्यास छत्रीकडून. भर दुपारी बाहेर उजेड पांढराफटक असतो, तेव्हा आत जायचं. गल्ल्या अरुंद आहेत, सावली मिळते. आतल्या जैन मंदिरातलं कोरीवकामही बघण्यासारखं आहे. (चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावं लागतं. कॅमेऱ्याच्या पट्ट्यालाही चामडं असेल तर तेही आलं.)

आणि खोली आत घेऊच नका. हे फोटोसाठी नाही, किल्ल्यासाठी सांगतोय. ही टेकडी कातळाची नाही, खाली मऊ थर आहेत. घोटभर पाण्यावर जगणाऱ्या माणसांसाठी बांधलेल्या वस्तीत नळ आले, न्हाणीघरं आली, हॉटेलं आली, आणि सांडपाणी मुरून पाया भुसभुशीत झाला. काही बुरूज ढासळलेसुद्धा. ज्याचा फोटो काढायला दीड हजार किलोमीटर आलो त्याच्याच पायात अंघोळीचं पाणी सोडायचं, हे मला जमत नाही.

नळदुर्गची सवय जैसलमेरला नेऊ नका

ही चूक फक्त माझी. पण आपल्याकडच्या प्रत्येकाची होईल अशी आहे, म्हणून जरा सविस्तर.

माझं फोटोग्राफीचं सगळं शिक्षण नळदुर्गच्या किल्ल्यात झालं. उमरग्याची किंवा हैदराबादची एसटी पकडायची, तासा-सव्वा तासात नळदुर्ग. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेला बंधारा, त्याच्या पोटात पाणी महाल, आणि पाऊस चांगला झाला की नर-मादी धबधबे. दगड काळा, पाणी पांढरंशुभ्र. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी करायला बघतो. काळा दगड दिसला की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. मग बुरूज धुतल्यासारखा राखाडी होतो आणि धबधब्याचा नुसता पांढरा पट्टा उरतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची, चकती उणे एकवर ठेवायची, हे माझ्या अंगठ्यात भिनलेलं.

दुसऱ्या खेपेला मी व्यास छत्रीवर अगदी वेळेवर पोचलो. दीड तास आधी, शहाण्यासारखा. आकाश स्वच्छ, किल्ला अक्षरशः पेटलेला. सव्वादोनशे फोटो काढले. चकती उणे एकवरच होती. गेल्या रविवारी नळदुर्गला ठेवलेली, तशीच.

मला कळलं का नाही? कारण अंधारात कॅमेऱ्याची स्क्रीन फार उजळ दिसते. खोलीवर आल्यावर बघितलं तर सगळं झकास. सोलापुरात येऊन संगणकावर उघडलं आणि घरातून प्रतिक्रिया आली, "हा चिखलाचा किल्ला कुठला?" वर्णन अचूक होतं. पिवळा दगड मुळात उजळ, मीटर त्याला आधीच दाबतो, वरून माझं उणे एक. सोन्याचा गूळ झाला, तोही काळा गूळ. कार्डात जागा वाचवायची म्हणून सगळे बारकावे राखणाऱ्या मोठ्या रॉ फाइलऐवजी लहान, दाबलेले जेपेग काढले होते. उजेड वाढवायला गेलो तर सावल्यांमध्ये नुसते ठिपके.

तेव्हापासून कॅमेरा बॅगेत जाताना मी चकती शून्यावर आणतो आणि मोठ्याने "शून्य" म्हणतो. बसमध्ये लोक बघतात. बघू देत. तिकडच्या दगडाला +०.३ ते +०.७ लागतं, वाळूच्या टेकड्यांना आणखी थोडं. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघा. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपल्या मनाने रंग दुरुस्त करणं, तेही बंद करा. तो बिचारा पिवळेपणा हा दोष समजून काढून टाकतो. मी उन्हाचं चिन्ह ठेवतो आणि विसरून जातो.

'नंतर एडिटमध्ये करू' म्हणणाऱ्यांनी करावं. त्यांचे किल्ले मी बघतो, झेंडूच्या रंगाचे असतात.

बाकीच्या, एकेका ओळीत

वाळूत लेन्स बदलू नका. बदललीच आणि धूळ आत गेली तर तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी सेन्सरवर बसते. पुढे प्रत्येक फोटोच्या आकाशात ती काळ्या ठिपक्यांच्या रूपाने तुमची आठवण काढते. रबरी ब्लोअर दीड-दोनशे रुपयांना मिळतो.

ड्रोन घरी ठेवा. सीमेवरचा जिल्हा आहे, हौसेची किंमत चौकीत मोजावी लागते.

सम किंवा खुरीच्या वाळूत सूर्यास्त बघायला जाताना परतीचं वाहन आधी ठरवा. सम चाळीसेक किलोमीटरवर आहे, गावाकडच्या बस मोजक्या, आणि अंधार पडल्यावर जीपवाला जो आकडा सांगेल तोच खरा.

गाडीतच "सस्ता कमरा, साथ में ऊँट" म्हणत जो गोड बोलायला येतो, त्याला गोडच बोलून वाटेला लावा. खोली फुकट मिळते तेव्हा उंट महाग असतो.

फेटेवाल्या आजोबांचा फोटो काढण्याआधी विचारा. दहा रुपये काढायच्या आधी दोन शब्द बोला. माझी हिंदी सोलापुरी आहे, तरी काम भागतं.

सुट्टे पैसे ठेवा.

स्वेटर नसेल तर घरची सोलापुरी चादर न्या, माझी चारही वेळा होती. पहाटे अंगावर, बसमध्ये मांडीवर, वाळूत कॅमेऱ्याच्या बॅगेखाली. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दोन दिवसांच्या प्रवासात खराब होत नाही. आणि डब्यात बसल्या बसल्या ओळखी होतात त्या वेगळ्याच.

राहिला लेन्सचा प्रश्न. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स पुरते. व्यास छत्रीवरून किल्ला लांब पडतो, तेव्हा लांबचं जवळ आणणारी ७०-३०० कुणाची उसनी मिळाली तर आणा. नाही मिळाली तर राहू द्या. सिद्धेश्वरचं तिकीट काढलंत का?