अरेंजर कीबोर्डमधील फायलींची मांडणी: साठा वेगळा, कार्यक्रम वेगळा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कीबोर्डवादकाचा हंगाम गणेशोत्सवात सुरू होतो, पौषात पाली आणि मांढरदेवच्या यात्रांना चढतो आणि चैत्रातील खरसुंडीसारख्या जत्रा आटोपून पावसाळा लागेपर्यंत चालतो. या काळात तोच वादक आज लावणीच्या फडाला, उद्या भजनी मंडळाला आणि परवा लग्नाच्या स्वागत समारंभाला साथ करतो. साहजिकच त्याच्या अरेंजर कीबोर्डमध्ये (आपोआप तालाची साथ देणाऱ्या कीबोर्डमध्ये) आणि पेन ड्राइव्हवर स्टाइल (साथीच्या तयार ठेक्यांच्या फायली), मिडी गाणी (सुरांच्या नोंदींच्या फायली), मल्टिपॅड (बटण दाबताच वाजणारे छोटे तुकडे) आणि रजिस्ट्रेशन बँका (बटणांवर साठवलेल्या मांडण्यांचे संच) यांचा ढीग वर्षागणिक वाढत जातो. त्यातील बराचसा माल एकमेकांच्या पेन ड्राइव्हवरून नकलून घेतलेला असल्यामुळे एकच केहेरवा पाच वेगवेगळ्या नावांनी सापडतो आणि हवा असलेला गोंधळाचा ठेका मात्र गायकाने आलाप संपवला तरी सापडत नाही. ही स्थिती बदलण्यासाठी कीबोर्ड बदलण्याची गरज नसते. दोन-तीन रिकाम्या दुपारी आणि एक संगणक एवढे पुरेसे होते, मात्र कामाचा क्रम चुकवून चालत नाही.

क्रम का महत्त्वाचा

यामाहाच्या पीएसआर-एस आणि पीएसआर-एसएक्स मालिकेतील कीबोर्डवर आपण रजिस्ट्रेशन मेमरीत एखादी मांडणी ठेवतो, तेव्हा टोन, लय, आवाजांची पातळी, इफेक्ट आणि पट्टी यांच्याबरोबर निवडलेली स्टाइलही साठवली गेली असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात स्टाइलची फाइल तेथे साठवली जात नाही. ती कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या फोल्डरात आणि कोणत्या नावाने आहे, एवढी नोंदच बँकेत जाते. पुढे कधीतरी आवराआवरीच्या उत्साहात आपण त्या फोल्डरचे नाव बदलले किंवा स्टाइल दुसरीकडे हलवली, तर घर बदललेल्या माणसाचे पत्र जसे जुन्या पत्त्यावर जाऊन परत येते, तशी गत होते: बटण दाबताच टोन बदलतात, पण स्टाइल येत नाही.

कोर्गच्या पीए मालिकेत यंत्रणा निराळी असली तरी धोका त्याच जातीचा आहे. तेथे स्टाइल बँकेतील ठरावीक जागेवर बसते आणि साँगबुकमधील (गाण्यांच्या यादीतील) नोंद त्या जागेकडे बोट दाखवते. त्या जागेवर नंतर दुसरी स्टाइल लोड केली, तर साँगबुकमध्ये गाण्याचे नाव तेच दिसते आणि ताल मात्र भलताच सुरू होतो.

म्हणून आधी साठ्याची रचना पूर्ण करावी, ती कायमची ठरवावी आणि त्यानंतरच रजिस्ट्रेशन किंवा साँगबुकच्या नोंदी कराव्यात. ज्यांच्याकडे जुन्या बँका तयार आहेत, त्यांनी जुनी रचना तशीच ठेवून शेजारी नवी रचना उभी करावी, प्रत्येक बँक उघडून तिच्यात नव्या जागेवरील स्टाइल निवडावी, ती पुन्हा सेव्ह करावी आणि सर्व बँका वाजवून पाहिल्यानंतरच जुने फोल्डर काढून टाकावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

साठा तालाप्रमाणे लावावा

कीबोर्डच्या कंपन्या स्टाइलची विभागणी पॉप, बॅलड, लॅटिन, डान्स अशी करतात. आपल्याकडे ती निरुपयोगी आहे, कारण मंचावर गायक ‘बॅलड वाजवा’ असे म्हणत नाही. तो पट्टी सांगतो, ताल सांगतो किंवा गाण्याचा मुखडा गुणगुणतो. चित्रपटाच्या किंवा गायकाच्या नावाने केलेले फोल्डरही मला टिकाऊ वाटत नाहीत, कारण एकच स्टाइल दहा गाण्यांना चालते आणि मग तिच्या दहा प्रती होतात.

सर्वांत वरच्या पातळीवर केहेरवा, दादरा, भजनी, गोंधळ, लावणी, रूपक, कव्वाली, पाश्चात्त्य असे मोजके फोल्डर असावेत. शास्त्रशुद्ध विभागणीचा येथे आग्रह धरू नये. भजनी ठेका आणि केहेरवा दोन्ही आठ मात्रांचे आहेत, पण त्यांचा उपयोग वेगळ्या कार्यक्रमात होतो, म्हणून त्यांचे फोल्डर वेगळे. याउलट झपताल किंवा रूपक यांच्या दोन-तीनच स्टाइल असतील, तर ‘इतर ताल’ या एका फोल्डरात त्या एकत्र ठेवणेच सोयीचे. केहेरव्याचा फोल्डर हमखास फुगतो. त्याचे संथ, मध्यम आणि जलद असे तीन भाग करावेत. याहून खोल जाऊ नये. यामाहाच्या अनेक मॉडेलांत यूजर ड्राइव्हवर (कीबोर्डच्या आतील साठ्यात) फोल्डरच्या चारच पातळ्या चालतात, आणि मर्यादा नसती तरी अंधुक प्रकाशात चार वेळा बोट लावून स्टाइलपर्यंत पोहोचणे कोणालाच परवडत नाही.

पेन ड्राइव्हवरून आलेली अनोळखी स्टाइल कोणत्या फोल्डरात टाकावी हे तिच्या नावावरून ठरवू नये, कारण ही नावे बहुधा विश्वासार्ह नसतात. स्टाइल सुरू करून मेन ए (तिचा पहिला मुख्य भाग) वाजवावा आणि मात्रा मोजाव्यात. कीबोर्डच्या पडद्यावर ४/४ दिसत असेल तर ती केहेरव्याच्या कुळातील, ३/४ किंवा ६/८ दिसत असेल तर दादऱ्याच्या कुळातील असण्याची शक्यता जास्त. तरीही वजन कोठे पडते ते कानाने ठरवावे, कारण हौशी मंडळींनी केलेल्या स्टाइलमध्ये सहा मात्रांचा ठेकाही कधी कधी ४/४ मध्ये कोंबलेला असतो.

याच वेळी छाटणीही करावी. मेन ए ते डी, प्रत्येक फिल (भाग बदलतानाचा छोटा तुकडा), इंट्रो (सुरुवात) आणि एंडिंग (शेवट) एकदा ऐकावे. महागड्या मॉडेलसाठी केलेली स्टाइल खालच्या मॉडेलवर उघडते, पण तिच्यातील विशेष टोन तेथे नसल्यामुळे गिटारच्या जागी विचित्र खुडखुड ऐकू येते किंवा ढोलकीच्या जागी भलतेच ड्रम वाजतात. अशा फायली ‘दुरुस्ती’ नावाच्या फोल्डरात टाकाव्यात आणि पुढच्या हंगामापर्यंत त्यांना हात लागला नाही तर निःशंकपणे पुसाव्यात. शंभर स्टाइल ओळखीच्या असणे हे दोन हजार स्टाइल जवळ असण्यापेक्षा केव्हाही बरे. यामाहा आणि कोर्ग या दोन्ही कंपन्यांच्या स्टाइलच्या नावाला ‘.एसटीवाय’ हेच शेपूट असते, पण आतील रचना वेगळी असते. तेव्हा ‘स्टाइल उघडत नाही’ अशी तक्रार करण्यापूर्वी ती कोणत्या कंपनीची आहे हे पाहावे. विंडोजवर ही शेपटे लपवलेली असतात, ती दिसतील अशी व्यवस्था आधीच करून घ्यावी आणि नाव बदलताना शेपूट बदलणार नाही याची काळजी घ्यावी.

नावे

फायलींची नावे रोमन अक्षरांतच द्यावीत, कारण कीबोर्डवर देवनागरी नावे दिसतीलच याचा भरवसा नसतो. या लेखात ती देवनागरीत लिहिली आहेत. नावात आधी ताल, मग रंग (म्हणजे गाण्याचा किंवा वाद्याचा ढंग) आणि शेवटी लय असावी: ‘केह_भजन_०९०’, ‘केह_ढोलक_१२४’, ‘दाद_भाव_०८४’. लयीचा आकडा नेहमी तीन अंकी लिहावा. यादी अक्षरक्रमाने लागत असल्यामुळे नुसते ९० लिहिले तर ते १२४ नंतर येते, ०९० लिहिले तर आधी येते, आणि एकाच रंगाच्या स्टाइलची संथाकडून जलदकडे जाणारी यादी आपोआप तयार होते. पडद्यावर लांब नाव पूर्ण दिसत नाही, म्हणून ओळखीचा भाग सुरुवातीलाच हवा. ‘न्यू’, ‘फायनल’, ‘फायनल २’ ही नावे ठेवू नयेत. सहा महिन्यांनी त्यांतील खरी शेवटची कोणती हे ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

रजिस्ट्रेशन बँका

वाद्यवृंदासाठी एका गाण्याला एक बँक हा हिशेब उत्तम. पीएसआर-एस मालिकेत एका बँकेत आठ आणि एसएक्स ७०० किंवा ९०० मध्ये दहा बटणे मिळतात. एखाद्या लावणीसाठी पहिल्या बटणावर सुरुवातीच्या तुकड्याचा टोन आणि ढोलकीची स्टाइल, दुसऱ्यावर मुखड्यामागची हार्मोनियम, तिसऱ्यावर मधल्या तुकड्याची व्हायोलिन, चौथ्यावर अंतरा अशी गाण्याच्या ओघाप्रमाणे बटणे लावली की वादकाला उजवीकडे सरकत जाणे एवढेच काम उरते. भजनाचे तसे नाही. तेथे कोणता अभंग येईल हे बुवांच्या मनावर असते, म्हणून गाण्यांऐवजी ठेक्यांची एकच बँक करावी आणि प्रत्येक बटणावर वेगळी लय ठेवावी. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीत नाट्यगीतांचे कार्यक्रम नेहमीच होतात आणि तेथे तबलजी समोर बसलेला असतो. अशा बँका करताना रजिस्ट्रेशनच्या खिडकीतील ‘स्टाइल’ या गटाची खूण काढून टाकावी, म्हणजे बटणाबरोबर फक्त टोन बदलतील.

पट्टीबाबत विशेष दक्षता घ्यावी. एक गायक पांढरी चारमध्ये गातो, दुसऱ्याला तेच गाणे काळी एकमध्ये हवे असते. बँकेत ट्रान्सपोज (पट्टी वर-खाली करण्याची सोय) साठवलेला असेल, तर आपण नुकतीच लावलेली पट्टी गाण्याच्या मध्यात बटण दाबताच जुन्या जागी उडी मारते आणि सारा मंच आपल्याकडे पाहू लागतो. त्यामुळे मेमरीत घालताना ‘ट्रान्सपोज’ गटाची खूण काढून ठेवावी. ज्या बँकांत तो आधीच साठवला गेला आहे, त्यांच्यासाठी फ्रीझची सोय आहे: फ्रीझच्या यादीत ट्रान्सपोज निवडून फ्रीझ चालू ठेवले की बटणे बदलली तरी पट्टी हलत नाही.

बटणात मेमरी घालणे आणि बँक सेव्ह करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आठही बटणे लावून झाली, पण बँक फाइल म्हणून सेव्ह न करता दुसरी बँक उघडली, तर केलेले काम पुसले जाते.

कार्यक्रमाची यादी

प्रत्येक कार्यक्रमासाठी स्टाइलच्या प्रती काढून नवा फोल्डर भरण्याची पद्धत सोडून द्यावी. पीएसआर-एसएक्स मालिकेत प्लेलिस्ट आहे, तिच्यातील प्रत्येक नोंद एका रजिस्ट्रेशन बँकेकडे नेते. कोर्गमध्ये साँगबुकमधील नोंदींतून सेट लिस्ट करता येते. गाण्यांचा क्रम येथे लावावा, मूळ फायलींना हात लावू नये. गायकाची पट्टी लिहून ठेवण्याची योग्य जागाही हीच आहे: ‘गण_काळी१’, ‘गौळण_पांढरी४’. ज्या मॉडेलांत प्लेलिस्टची सोय नाही, तेथे ‘कार्यक्रम’ नावाचा फोल्डर करून त्यात केवळ रजिस्ट्रेशन बँकांच्या प्रती टाकाव्यात. बँक कोठेही हलवली तरी तिच्यातील स्टाइलचा पत्ता तोच राहतो, म्हणून यात काही बिघडत नाही. या प्रतींना ०१०, ०२०, ०३० असे दहा-दहाच्या अंतराने क्रमांक द्यावेत, म्हणजे आयत्या वेळी पाहुण्यांच्या फर्माइशीचे गाणे ०२५ म्हणून मध्ये घालता येते.

साध्या मॉडेलांचे नियम थोडे वेगळे असतात. कॅसिओच्या सीटी-एक्स मालिकेला पेन ड्राइव्हवरील ‘म्युझिकडॅट’ या नावाच्या फोल्डरातीलच फायली दिसतात. पेन ड्राइव्ह कीबोर्डवर फॉरमॅट केल्यास तो फोल्डर आपोआप तयार होतो. अशा ठिकाणी फोल्डरच्या रचनेचे काम संगणकावर करावे आणि कार्यक्रमाला लागणाऱ्या फायलीच त्यात उतरवाव्यात.

पेन ड्राइव्ह आणि राखीव प्रत

पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा किंवा त्याहून लहान घ्यावा, तो फॅट३२ पद्धतीत असावा आणि शक्यतो कीबोर्डवरच फॉरमॅट करावा. फॉरमॅट केल्यावर त्यावरील सर्व काही जाते हे ध्यानात ठेवून आधी संगणकावर प्रत काढावी. जत्रेतील जनित्र केव्हा बंद पडेल याचा नेम नसतो, म्हणून मंचावर सेव्ह करण्याचे काम करूच नये. लिहिणे चालू असताना वीज गेली किंवा पेन ड्राइव्ह निघाला, तर ती एक फाइलच नव्हे, कधी कधी संपूर्ण ड्राइव्ह बिघडतो.

दुसरा पेन ड्राइव्ह पहिल्याची हुबेहूब नक्कल असावा, फोल्डरच्या नावासकट. पहिला बंद पडला तर तो काढून दुसरा लावावा. पत्ते तेच असल्यामुळे बँका चालतात. दोन्ही एकाच वेळी लावू नयेत, कारण कीबोर्ड त्यांना क्रमाने पहिला-दुसरा असे क्रमांक देतो आणि क्रम उलटला की नोंदी चुकीच्या ड्राइव्हवर शोधल्या जातात. कोर्ग वापरणाऱ्यांनी ‘.एसईटी’ शेपटीचा फोल्डर अखंड हलवावा. त्याच्या आतील फोल्डरांची नावे किंवा जागा संगणकावर बदलू नयेत.

यामाहाच्या बॅकअपमध्ये तयार होणारी ‘.बीयूपी’ फाइल त्याच मॉडेलसाठी असते आणि ती परत भरताना सध्याचे सारे पुसून जुने आणते, त्यामुळे एका हरवलेल्या बँकेसाठी ती वापरू नये. साठ्याची आणि बँकांची साधी प्रत संगणकावर वेगळी ठेवावी व तिच्या फोल्डरला वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख द्यावी. ढोलकी, संबळ, तुतारी यांचे एक्स्पान्शन पॅक (कीबोर्डमध्ये बाहेरून भरलेले जादा आवाज) भरलेले असतील, तर त्यांच्या मूळ फायलीही याच फोल्डरात हव्यात. हे पॅक प्रत्येक कीबोर्डसाठी यामाहा एक्स्पान्शन मॅनेजर या संगणकावरील प्रोग्रॅममधून स्वतंत्रपणे तयार करावे लागतात. म्हणून दुसऱ्याच्या किंवा भाड्याच्या कीबोर्डवर कार्यक्रम करायचा असेल, तर केवळ पेन ड्राइव्ह नेऊन भागत नाही: मॉडेल तेच असले तरी पॅक भरलेला नसल्यास संबळाच्या जागी दुसराच आवाज येतो. अशा प्रसंगासाठी कीबोर्डच्या मूळ आवाजांवर बेतलेल्या दहा-बारा स्टाइल ‘मूळ टोन’ या नावाच्या स्वतंत्र फोल्डरात ठेवाव्यात आणि त्यांच्यावर आधारलेली एक बँक नेहमी तयार असू द्यावी.