चर्चच्या बसमधून आलेले पाच स्टार: श्रद्धेच्या थ्रिलरवरचे अभिप्राय वाचायचे कसे

मी मूळची मिरजेची. गेली बरीच वर्षं अमेरिकेत ओक्लाहोमात एका छोट्या मल्टिप्लेक्सात शिफ्ट मॅनेजर आहे. हा भाग चर्चवाल्यांचा, त्यामुळे ख्रिस्ती श्रद्धेचे सिनेमे आमच्याकडे वर्षभर लागत असतात. त्यातले काही चक्क थ्रिलर असतात. सैतान, तुरुंग, जगाचा शेवट, एका रात्रीत गायब झालेली माणसं, असा सगळा मामला. पैसा बेताचा, नट फारसे ओळखीचे नाहीत आणि निम्मा सिनेमा एकाच खोलीत उरकलेला.

हे सिनेमे पुढे मोबाइलवर कुठे ना कुठे सापडतात आणि मग भारतातून मैत्रिणींचे मेसेज सुरू होतात. ‘अगं, समीक्षक म्हणतायत टाकाऊ आणि पब्लिक म्हणतंय नव्वदच्या वर. बघू का नको?’ दर वेळी तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

आधी बघायचं ते हे, की गुण देणारा माणूस थिएटरात आला कसा. २०२३च्या एप्रिलमध्ये ‘नेफेरियस’ आला. मृत्युदंडाच्या दिवशी एक कैदी मानसोपचारतज्ज्ञाला सांगतो की मी माणूस नाही, सैतान आहे. तज्ज्ञ नास्तिक. बहुतेक सिनेमा म्हणजे टेबलाच्या दोन बाजूंना बसून बोलणारी ही दोन माणसं. त्याचं शूटिंग आमच्याच राज्यात झालेलं, त्यामुळे इथे उत्सुकता जास्तच. समीक्षक आणि प्रेक्षक दोघांचेही अभिप्राय गोळा करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या साइटवर समीक्षकांनी त्याला चांगलंच झोपवलं, तर प्रेक्षकांचा आकडा नव्वद टक्क्यांच्या पुढे. याचा अर्थ कोणीतरी खोटं बोलतंय असा होत नाही. समीक्षक कामाचा भाग म्हणून जातो. प्रेक्षक मात्र पाद्रीबाबांनी सांगितलं, बायबल अभ्यासाच्या ग्रुपमध्ये विषय निघाला, म्हणून येतो. ज्याला हा विषय नकोच आहे तो तिकीटच काढत नाही. या साइटवर ‘व्हेरिफाइड’ गुण असतात, म्हणजे तिकीट काढल्याची खात्री झालेल्यांचे. खोटी खाती त्याने आटोक्यात राहतात, पण प्रेक्षक आधीच गाळून आलेला असतो, त्याला तो शिक्का काय करणार?

मग अभिप्राय नेमका कशाबद्दल आहे ते वेगळं काढायला शिका. मला ते लॉबीत शिकायला मिळालं. रविवारी प्रार्थना संपली की चर्चच्या बस येतात. ‘नेफेरियस’ सुटल्यावर एक आजोबा टोपी हातात धरून पोस्टरपुढे थांबले आणि मला म्हणाले, “हा माझ्या नातवाने बघायला हवा.” मी विचारलं, तुम्हाला भीती वाटली का? ते क्षणभर गोंधळले. “भीती? नाही, नाही. पण खरं आहे ना सगळं.” त्यांच्या मागून एक कॉलेजचा पोरगा आला, हातात अर्धा उरलेला पॉपकॉर्नचा टब. तो म्हणाला, कैदी झालेला शॉन पॅट्रिक फ्लॅनरी एकाच खुर्चीत बसून दोन माणसं कशी दिसतो ते बघायला मी पुन्हा येईन, पण शेवट नको होता. दोघांनीही घरी जाऊन पाच स्टार दिले असतील. आजोबांचे स्टार आशयाला, पोराचे नटाला. तुम्हाला थ्रिलर हवा असेल तर पोराचं ऐका. ‘अमक्याला दाखवायला हवा’ असं वाक्य दिसलं की समजायचं, हा माणूस सिनेमाबद्दल बोलत नाहीये, घरातल्या कोणाबद्दल तरी बोलतोय. अशा अभिप्रायांचा मला राग येत नाही, उलट ते वाचायला आवडतात. फक्त तिकिटाचा निर्णय त्यावर घेत नाही.

सगळ्यात मोलाचा अभिप्राय म्हणजे श्रद्धावान माणसाची तक्रार. नास्तिकाने ‘प्रवचन आहे’ म्हटलं तर त्यात नवीन काय? पण जो स्वतः दर रविवारी चर्चला जातो तो जेव्हा लिहितो की ‘नेफेरियस’च्या शेवटी अमेरिकेतला रेडिओ-टीव्हीवरचा निवेदक ग्लेन बेक स्वतःच्याच भूमिकेत मुलाखत घ्यायला येतो तिथे माझा मूड गेला, तेव्हा ते नीट वाचा. तो मुद्दा नेमका आहे आणि तो मांडताना त्याला स्वतःच्याच माणसांची नाराजी पत्करावी लागलीय. मी पाच आणि एक स्टार सोडून सरळ तीन स्टारवाले उघडते. तिथे माणसं कारणं देतात.

गल्ल्याच्या आकड्यांनाही लगेच भुलू नका. १९९९मध्ये ‘ओमेगा कोड’ नावाचा बायबलमधल्या गुप्त संकेतांवरचा थ्रिलर जेमतेम तीनशे-साडेतीनशे थिएटरांत लागला आणि पहिल्याच आठवड्याअखेर पहिल्या दहात जाऊन बसला. समीक्षकांनी तो पार धुतला होता. मागे ख्रिस्ती टीव्ही वाहिनीचा जोर आणि चर्चांमधली तयारी होती. २०२३मध्ये मुलांच्या तस्करीवरच्या ‘साउंड ऑफ फ्रीडम’च्या शेवटी पडद्यावर क्यूआर कोड आला. तो स्कॅन करून कोणीही अनोळखी माणसाचं तिकीट भरू शकत होतं. कल्पना झकास, पण मग विकलेली तिकिटं म्हणजे बघितलेला सिनेमा हे गणित बिघडतं. थिएटरात काम करणाऱ्याला हे लगेच कळतं. दिवे मालवल्यावर आमचा पोरगा आत जाऊन डोकी मोजून येतो. कॉम्प्युटरवर शो भरलेला आणि आत मधल्या दोन रांगा मोकळ्या, असं या सिनेमांना होतं. ग्रुप बुकिंग झालेलं असतं आणि निम्मे आलेले नसतात. तुम्ही घरी बसून डोकी मोजू शकत नाही, पण एक करू शकता: दुसऱ्या आठवड्यात काय झालं ते बघा. बसवाले येऊन गेल्यावर साध्या बुधवारी संध्याकाळी जो येतो तो सिनेमासाठी येतो.

आता सिनेमास्कोअर. पहिल्या रात्री काही शहरांत प्रेक्षकांच्या हातात कार्ड देतात आणि त्यावरून ए प्लस ते एफ अशी श्रेणी ठरते. श्रद्धेच्या सिनेमांना इथे ए किंवा ए प्लस मिळणं नेहमीचं. प्रार्थनेच्या ताकदीवरच्या २०१५च्या ‘वॉर रूम’ला ए प्लस होता, ‘साउंड ऑफ फ्रीडम’लाही. भयपटांना मात्र इथे वरची श्रेणी क्वचितच मिळते. २०१७च्या ‘मदर!’मध्ये बायबलमधलंच सगळं रूपक भरलेलं, पण लोक मोठ्या नटीचा भयपट म्हणून आलेले. पदरात पडला एफ. ही श्रेणी सिनेमा किती चांगला ते सांगत नाही, ठरवून आलो ते मिळालं का एवढंच सांगते. म्हणून श्रद्धेच्या थ्रिलरला ए मिळाला की मी समजते, श्रद्धा मिळाली. थ्रिलर मिळाला की नाही ते दुसरीकडे शोधायचं.

शोधायचं कुठे, तर जे वर्षांनंतरही बोलतात त्यांच्याकडे. आयोवात १९७२मध्ये ‘अ थीफ इन द नाइट’ नावाचा सिनेमा बनला. खर्च ६८ हजार डॉलर असं सांगतात. तो थिएटरांपेक्षा चर्चच्या तळघरांत, १६ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर जास्त फिरला. येशूवर विश्वास ठेवणारे एका क्षणात उचलले जातात आणि बाकीचे मागे राहतात, ही गोष्ट. एक बाई सकाळी उठते, नवरा घरात नाही आणि त्याचं दाढीचं इलेक्ट्रिक मशीन बेसिनमध्ये नुसतं घरघरतंय. बस, एवढंच. आमच्याकडे सफाईला येणाऱ्या बाईंनी तो लहानपणी पाहिलाय. आता त्या साठीच्या आहेत. शाळेतून घरी यावं, आई हाका मारून ओ देत नाही, गॅसवर काहीतरी उकळतंय, की त्या थेट रस्त्यावर पळत. आपणच मागे राहिलो, अशी खात्री! त्या पिढीतल्या कितीतरी जणांकडे हाच किस्सा निघतो. सिनेमा संपला की तिथेच लोकांना पुढे येऊन प्रार्थना करायला बोलवत, तेव्हा त्या रात्रीचा अभिप्राय कोण मोकळेपणाने देणार? पण पन्नास वर्षांनी ते मशीन आठवतंय, हा अभिप्राय अस्सल. माझ्या मते चार पैशांत इतकी भीती फार थोड्यांनी विकत घेतली असेल.

आपल्याकडेही हे नवं नाही. १९७५मध्ये ‘जय संतोषी माँ’ला लोक चपला बाहेर काढून आत जात, पडद्यावर पैसे आणि फुलं उधळत. ‘कांतारा’च्या आधीची गोष्ट सांगणारा भाग २०२५मध्ये आला तेव्हा तर थिएटरांत दैवाचा, म्हणजे सिनेमातल्या लोकदेवतेचा, वेश करून, अंगात आल्यासारखं करून व्हिडिओ काढू नका, अशी जाहीर विनंती निर्मात्यांनाच करावी लागली. एखाद्याच्या अंगात आलं म्हणून पटकथा घट्ट आहे असं म्हणता येत नाही, आणि सैल आहे असंही नाही.

शेवटचं माझ्या भाच्यासाठी, कारण तो कोल्हापुरात मित्रांना घेऊन देवराईवर असाच एक सिनेमा करतोय आणि लोकांना दाखवून मतं घेणार आहे. कसा वाटला, असं विचारूच नकोस रे, सगळे छान म्हणतात. कुठे मोबाइल बघितलास, ते विचार. मागच्या रांगेत बस आणि कोण कधी खुर्चीत सरकतंय, कोण नेमक्या कुठल्या प्रसंगाला पाणी प्यायला उठतंय ते टिपून ठेव. खुनी कोण हे कधी कळलं, ते कागदावर लिहून घे, तोंडी नको, एकाचं ऐकून दुसरा बोलतो. देव आला तो प्रसंग काढून टाकला तर गोष्ट समजेल का, हेही विचार. गावातल्यांना वेगळं दाखव, ज्यांना त्या देवाचं नावही माहीत नाही अशांना वेगळं. दोन्हीकडे एकाच जागी कंटाळा आला तर तिथे कात्री लाव. आणि काहीही झालं तरी देवळाच्या सभामंडपात दाखवू नकोस. तिथे बसून वाईट म्हणायची कोणाची छाती आहे!