टाकी रिकामी करताना भोवरा पडतोय? या चुका टाळा

पंप खडखडायला लागला, गेजचा काटा नाचायला लागला की बहुतेक जण आधी पंपच खोलतात, बेअरिंग बघतात, सील बदलतात आणि टाकीत डोकावून मात्र कोणी बघत नाही. आधी तिथे बघा. वर नुसती खळी आहे, की तिची शेपटी बारीक होत होत थेट आउटलेटमध्ये शिरलीये? शिरली असेल तर पंप हवा ओढतोय. पंप नसला तरी तोंडाच्या मधोमध हवा बसते, त्यामुळे टाकी उतरायला जास्त वेळ लागतो.

पृथ्वीच्या फिरण्याला दोष देऊ नका प्लीज. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक शपिरो यांनी तो परिणाम दाखवला खरा, पण त्यासाठी पाणी २४ तास शांत ठेवावं लागलं होतं. आपल्या टाकीत फिरकी आपणच घालतो, भरायचा पाइप भिंतीच्या कडेने तिरका सोडलेला असतो, नाहीतर ढवळणी बंद केल्या केल्या व्हॉल्व्ह उघडलेला असतो, आणि पाणी मध्याकडे सरकताना अंतर निम्मं झालं की फिरण्याचा वेग दुप्पट होतो. साधं पाणी असेल तर थर्माकोलचा तुकडा टाकून बघा, तो गोल फिरतोय तोवर थांबा. (नंतर काढायला विसरू नका, सक्शनमध्ये (पंप पाणी ओढतो त्या बाजूला) गेला तर नवीन दुखणं!)

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आउटलेटचं तोंड लहान ठेवून नुसती पातळी वाढवत बसणं. पंपाच्या सक्शनच्या तोंडावर किमान किती पाणी हवं यासाठी हायड्रॉलिक इन्स्टिट्यूट या पंप उद्योगाच्या संस्थेचं सूत्र वापरतात: तोंडाचा व्यास गुणिले (१ + २.३ × फ्राउड नंबर). फ्राउड नंबर म्हणजे तोंडातला वेग भागिले (गुरुत्व त्वरण × व्यास) चं वर्गमूळ. १० सेंमी तोंडात २ मीटर प्रति सेकंद वेग असेल तर वर साधारण ५६ सेंमी पाणी लागतं. तेवढ्याच प्रवाहाला २० सेंमीचं बेलमाउथ (घंटेसारखं पसरट तोंड) लावलं तर वेग ०.५ वर येतो आणि ३६ सेंमी पुरतं. एवढा फरक!

व्होर्टेक्स ब्रेकर (भोवरा मोडायला आउटलेटवर लावायचा अडथळा) म्हणून एकच पट्टी ठोकू नका, अधिक चिन्हासारख्या उभ्या प्लेटा लावा, तोंडापेक्षा बऱ्यापैकी रुंद, पण पाण्याची वाट अडेल इतक्या चिकटवून नको. आणि ब्रेकर लावला म्हणून लो-लेव्हल कटऑफ (ज्या पातळीला पंप आपोआप बंद होतो ती) खाली आणू नका, कारण पातळी फारच उतरली की फिरकी नसतानाही पृष्ठभाग खचून हवा आत जाते. शेवटचं पाणी काढताना प्रवाह कमी करा, पण व्हॉल्व्ह डिस्चार्जचा (पंपातून पाणी बाहेर पडतं त्या बाजूचा) आवळा, सक्शनचा नाही.