बेळगावच्या गल्लीत कॅमेरा काढताय? या चुका टाळा

कॅमेरा घेऊन बेळगावात नवखा उतरला की बहुतेक वेळा एकच करतो. खडेबाजारात रस्त्याच्या पलीकडे उभा राहून झूम लेन्सने भाजीवालीला टिपतो. फोटो सपाट येतो आणि तिला ते कळतंही. मग पदर तोंडावर जातो, नाहीतर सरळ विचारणा होते, "काय वो, कशाला काढतायसा?" माझ्या मते इथली सगळ्यात मोठी चूक हे चोरून काढणंच.

झूम पिशवीत ठेवा. ३५ मिमीची लेन्स किंवा मोबाईलचा साधा कॅमेरा घेऊन दोन पावलांवर जा. "मावशी, एक फोटो काढू काय?" एवढं पुरतं. उत्तर कन्नडमध्ये आलं तर "अक्का, फोटो तेगीलेन्री?" म्हणून बघा, उच्चार चुकला तर त्या हसतील, ते बरंच. "नको" आलं की कॅमेरा खाली. "एकच, एकच" करत बसू नये.

होकार मिळाला की दुसरी अडचण: माणूस आधार कार्डाच्या फोटोसारखा ताठ होतो. तो फोटो काढाच, त्यांना दाखवा आणि तिथेच थांबा. गिऱ्हाईक येतं, हात तराजूकडे जातो, तुमचा विसर पडतो. खरा फोटो तेव्हा मिळतो.

चेहरे निळे येतायत? वर निळी ताडपत्री आहे. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप जुळवणारी कॅमेऱ्यातली सोय, तिथे गोंधळतो. ताडपत्रीच्या कडेला, उघड्या उजेडात माणूस आला की क्लिक करा.

वडगाव-शहापूरच्या विणकरांकडे वेगळीच फसगत होते. दारातून झगझगीत उजेड, आत अंधार. कॅमेरा दाराचा उजेड मोजतो आणि विणकर काळा पडतो. दाराकडे पाठ करा, तोच उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडेल. एलईडी दिव्याखाली आडवे पट्टे उमटले तर शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंदावर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधा दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. १/५० वर मागावरचा हात थोडा पुसट होईल, होऊ द्या.

वैशाखातल्या शिवजयंतीच्या रात्री सगळे कॅमेरे चित्ररथाकडे. मागे वळा, कट्ट्यावरची आणि गच्चीवरची माणसं बघा. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० ला घाबरू नका, फोटोत दाणे आले तरी चालतात. हललेला चेहरा चालत नाही. मावळ्याच्या वेशातलं पोर असेल तर आईबापांना विचारून.

पाट्यांबाबत जपून. कन्नड-मराठी पाटीखाली बसलेल्या चहावाल्याचा फोटो 'सीमाप्रश्नाचा चेहरा' म्हणून टाकू नका, त्याने होकार फोटोला दिला होता, मथळ्याला नाही. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे मराठी भाषिकांचा काळा दिवस. त्या गर्दीतले ओळखू येणारे चेहरे ऑनलाइन टाकण्याआधी दोनदा विचार करा.

कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात, लष्करी फाटक आणि पहारेकरी फ्रेममध्ये नकोत. जवानाने हटकलं तर वाद न घालता फोटो पुसा आणि पुढच्या गल्लीला लागा.